आपला माणूस म्हणून सांगतो

इकडे परदेशात, ईडन प्रेरी गावात, बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात एक मराठी गृहस्थ कामाला होते. गोऱ्या गिऱ्हाइकांशी खणखणीत बोलायचे, पण मी दिसलो की त्यांचा आवाज खाली यायचा. "आपला माणूस म्हणून सांगतो," असं म्हणायच्या आधी ते मागे वळून बघायचे. ते ऐकलं की माझा हात आपोआप पाकिटावर जायचा.

माझ्या जुन्या बोटीला टिकाऊ स्पीकर हवे होते. त्यांनी सगळ्यात महागडा सेट पुढे केला, स्पीकरवर ग्लासभर पाणी ओतलं, रुमालाने पुसलं आणि कॅसेट लावून दाखवली. "डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडे ठेवूनच घरी आलो. असे बरेच शनिवार गेले.

एका रविवारी तळ्यात बोट फिरवताना पाण्यावरून चक्क मराठी भावगीत ऐकू आलं. बोट त्यांचीच होती. स्वतः काय बसवलंय ते तरी पाहू, म्हणून जवळ गेलो. फळीवर एक साधा टेपरेकॉर्डर होता, ब्रेडच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावलेला.

त्यांनी सवयीने मागे वळून बघितलं. मागे नुसतं पाणी होतं.

"आपला माणूस म्हणून सांगतो," ते हळूच म्हणाले, "पिशवी ब्रेडचीच घ्या. भाजीची फाटते."