आपांची पपई

आपांचा दिवस निरोगी रोपांना आजार लावण्यात जायचा. रोगट पपईचं पान खलात वाटायचं, तो रस बोटाने कोवळ्या पानांवर चोळायचा आणि म्हणायचं, "चला, पडा आजारी." आमच्या संशोधन केंद्रात नव्याने आलेल्याला ही बाई दुष्टच वाटायची.

दौंडहून रोज गाडीने येणाऱ्या या बाईंना साहेबसुद्धा आपाच म्हणत. विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा त्यांनी पपईतच बसवला होता. म्हणजे काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "स्टेशनात खिसेकापूंचे फोटो लावतात ना? तसं. पपईला चोर आधीच दाखवून ठेवलाय. तो आत शिरला की ती त्याचा निरोपच कापते. बोलू देत नाही." आणि खरंच, शेजारच्या साध्या रोपांची पानं पिवळी पडून त्यांच्या दोऱ्या होत, आपांची रोपं हिरवीगार राहत.

हा सारा खटाटोप राहू गावातल्या बागेपायी होता. तिथे त्यांच्या अब्बांची पपई होती. एका वर्षी तिच्यावर व्हायरस आला. अब्बा केंद्रावर आले आणि रोपांच्या जाळीघराबाहेर उभं राहून म्हणाले, "एक रोप दे की, बेटा."

"परवानगी न्हाई, अब्बा. सरकारची मंजुरी येईस्तोवर पानसुद्धा भाईर जात न्हाई."

"आन् रोग आणणारा माव्याचा किडा परवानगी काढून येतो व्हय?"

अब्बांनी बाग उपटून ऊस लावला. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण ज्या टेबलावर आमची मंजुरी कुजत पडली, त्या टेबलाला कधी कीड लागली नाही.

पुढे पैसे थांबले, प्रकल्प गुंडाळला. रोपं फळांसकट जाळा, असा हुकूम आला. फळं नेमकी पिकली होती, आवारभर वास सुटला होता. शिपाई म्हणाला, "आपा, एक फोड खाल्ली तर कुणाला कळतंय?" आपांनी स्वतःही एक फोड न चाखता काडी ओढली. मला त्या दिवशी त्यांचा संताप आला.

अब्बा अंथरुणाला खिळले तेव्हा मी दौंडला भेटायला गेलो होतो. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"तुझी पपई गोड हुती का गं?"

"लई गोड, अब्बा."

"मंग एक तरी ठिवायचीस माझ्यासाठी."

जन्मभर नियमाने वागलेली ती बाई माझ्यादेखत एकदाच खोटं बोलली, आणि तेही पुरलं नाही.