निळ्यातली काजळी

“थोडी काजळी टाकली का निळा पक्का बसते, भाऊ. खालचा गंज दिसत नाई. एका हातात काम.”

पेंटर अंगणात बाबांना सांगत होता. मी खिडकीआड आईच्या पायांना तेल लावत होते.

“म्हंजे दुसऱ्यांदा वर चढा लागत नाई ना?” बाबांनी आवाज खाली आणून विचारलं.

“नाई जी.”

“मंग टाक. टिनावर कोणी चाललं का तिच्या डोक्यात घण पडते.”

तो ऐंशी सालचा वैशाख. आईला लकवा होऊन सात महिने झाले होते. पिपरीच्या आमच्या घराची मागची खोली टिनाची. न्हाणी जवळ, म्हणून तिची खाट तिथे. दर तीन वर्षांनी त्या टिनाला निळा रंग लागे. बाबांच्या दुकानातली निळी पूड, जवसाच्या तेलात घोटलेली. पांढरा आईला नको असे. हिंडती-फिरती होती तेव्हा ती शेजारच्या गच्चीवर कुरड्या वाळत घालायची, आणि तेव्हाच्या पांढऱ्या टिनाकडे पाहून तिचे डोळे दिपायचे; म्हणून तो निळा झाला.

संध्याकाळपर्यंत छत झालं. बाबा खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात टिनाचा एक तुकडा पडलेला दिसला. पेंटरने त्यावर दोन्ही रंग लावून पाहिले होते: एकीकडे नुसता निळा, दुसरीकडे काजळीचा. फरक थोडाच, दुसरा जरासा गडद. मी सहज हात ठेवला. नुसत्या निळ्यावर तळवा टिकला. काजळीच्या निळ्यावरून झटकन उचलावा लागला. पुन्हा ठेवून पाहिला. पुन्हा तेच.

उन्हातली बरीचशी उष्णता डोळ्यांना दिसतच नाही. त्या पुडीसारखा निळा ती परत धाडतो, काजळी गिळून टाकते. हे मी पुढे नीट शिकले. त्या दुपारी मला एवढंच कळलं, की आईच्या डोक्यावर कोणता रंग आहे. वरून नुसत्या निळ्याचा एक हात मारला असता तरी चाललं असतं.

पेंटर ब्रश धुवायला आला होता. मला तुकड्यापाशी बसलेली पाहून हसला.

“काय मॅडम, कालेजात हे बी शिकवते काय जी?”

माझ्या मनात वाक्य तयार होतं, पण इंग्रजीत. त्याचं मराठी जुळेपर्यंत तो डबे सायकलला बांधून निघून गेला. बाबांना तरी सांगायचं. उद्या सांगू म्हटलं. मग परवा.

बाबा दुपारी दुकान बंद करून घरी येत आणि शिडीवरून टिनावर बादल्या ओतत. पाणी चर्र करून उडून जाई. “काऊन थंड नाई होऊन राह्यलं बाप्पा?” ते स्वतःशीच म्हणत. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिचे ओठ मी ओल्या फडक्याने पुसायची. तिने पाणी घेणं सोडलं तेव्हाही मी बोलले नाही.

ज्येष्ठात ती गेली. डॉक्टर म्हणाले, लकव्याचं असंच असतं. ते खरंही असेल.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. बाबा रिकाम्या खाटेवर बसून छताकडे बघत होते.

“रंग तर चांगला मारला होता ना व? आपल्या हातात होतं तेवढं केलं ना आपण?”

ते खरोखरच विचारत होते. शिकलेली म्हणून मला.

“हो बाबा,” मी म्हणाले, “रंग चांगलाच होता.”