माळकऱ्याची मासवडी

डॉक्टरांनी माझं मटण बंद केलंय, म्हणून सुनेने आज मासवडी केली. भाजलेल्या तिळाखोबऱ्याचा वास आला आणि मी थेट एकाहत्तर सालच्या संगमनेरात पोचले.

माझ्या नणंदेला बघायला मुलाचे वडील आले होते. त्यांनी नुकतीच माळ घातलेली, मटण सोडलेलं. मी मटणाच्याच मसाल्याचा काळा रस्सा केला आणि मासवडी वाढली. पहिल्याच घासाला त्यांचा हात थांबला.

"पोरी, आमी माळकरी हाय!"

सासूबाईंचा चेहरा उतरला.

"बेसनाची वडी हाय मामा. मास निस्तं नावात," मी घाईने म्हणाले.

मग त्यांनी चारदा रस्सा मागितला. डोळे मिटून जेवत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

आज पहिल्या घासाला माझेही डोळे मिटले.