गार्थनं मागवलेली टर्बो

आमच्या स्टार व्हॅलीत पुढच्या हिवाळ्याचं स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारं मशीन, आधीच्या वसंतातच सांगून ठेवावं लागतं. अंगणातला बर्फ अजून वितळत असतो, बूट चिखलात रुतत असतात, आणि पुरुषमाणसं दुकानात जाऊन नोव्हेंबरात येणाऱ्या मशीनचा रंग ठरवून येतात. कारखान्यातूनच टर्बो बसवून येणारं मशीन तर एरवी मिळतच नाही. एप्रिलात नाव घातलं तर घातलं. गार्थ हेमर्टनं घातलं होतं. ऑगस्टमध्ये गवताच्या गासड्या रचता रचता तो जरा टेकतो म्हणून खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. नोव्हेंबरात दुकानातून फोन आला की तुमची टर्बो आली आहे.

फोन व्हर्लानं घेतला. व्हर्ला ही गार्थची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि आमच्यापासून तिसरं घर तिचं. गार्थ गेला तेव्हा गावातल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे चीज घालून भाजलेले बटाटे तिच्याकडे पोचवले. तिनं प्रत्येकीचं भांडं घासूनपुसून, बुडाला चिकटवलेलं नाव वाचून जिच्या तिच्या घरी परत केलं. व्हर्लानं किती छान सावरलं आहे, असं चर्चमध्ये सगळ्या म्हणाल्या. मला तसं दिसत नव्हतं. तिनं काही निवडणंच सोडलं होतं. बस म्हटलं की बसायची, खा म्हटलं की खायची, कोट घाल म्हटलं की घालायची. हे हवं की ते, असं विचारलं की समोरच्याकडे बघत राहायची, जणू प्रश्न त्यालाच विचारला आहे.

दुकानदार माणूस चांगला. तो तिला म्हणाला, नको असेल तर तसं सांगा, डोंगरापलीकडच्या आयडाहोतला एक जण वाट बघत बसलाय, आणि घेऊन मग नकोशी वाटली तरी डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारपर्यंत परत आणा. व्हर्ला म्हणाली, येऊ दे. नंतर मला तिनं सांगितलं की ‘नको’ म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

आता या टर्बोवरून गार्थचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, क्लेलचं, वर्षभर वाजत होतं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, चर्चच्या पार्किंगमध्ये, कुठंही. गार्थचं म्हणणं साधं होतं. दहा हजार फुटांवर हवा पातळ, तिथं साध्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद जाते. मग पूर्ण इंजिनाचे पैसे मोजून आपण उरलेल्या दोन तृतीयांशावर का बसायचं? टर्बो ती पातळ हवा दाबून इंजिनात भरते, वर गेलं तरी दम तेवढाच राहतो. क्लेल म्हणायचा, वजन जास्त, पेट्रोल जास्त, पट्टा तापणार, आणि वर एवढं काय ठेवलंय? त्याला बोलायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यानं साध्या मशीनला बाहेरून टर्बो जोडून घेतली होती, आणि तिनं त्याचा पिस्टन जाळला. यावर गार्थ म्हणायचा, ते ठिगळ होतं, हे कारखान्यातून अंगासकट शिवून येतं. वाद मिटायच्या आधीच गार्थ गेला, त्यामुळे तो तसाच राहिला.

टर्बो घरी आली, पण व्हर्लानं तिच्यावरचं कापड काढलं नाही. शेवटी क्लेलनंच विचारलं, ठेवायची की परत द्यायची? तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात कोको ढवळत होते.

“तू सांग,” व्हर्ला म्हणाली.

“मी काय सांगू? मी तर वर्षभर नाही नाही म्हणत आलो.”

“म्हणूनच तू सांग. वर नेऊन बघ, आणि खरं काय ते सांग. तू ठेव म्हणालास तर ठेवीन, नको म्हणालास तर त्या सोमवारी देऊन टाकीन.”

क्लेलचा चेहरा उतरला. भावाबरोबरच्या वादाचा निकाल त्यानं एकट्यानं द्यायचा होता, आणि व्हर्ला तो निमूट मानणार होती. तो उठून शेडकडे गेला. नवं इंजिन रुळेपर्यंत मशीन स्वतःच आपली पूर्ण ताकद देत नाही, म्हणून आठवडाभर तो ती खालच्या कुरणातून शांतपणे फिरवत राहिला. मला म्हणाला, इतकी काही खास नाही.

मुदतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही चौघं निघालो. माझा नवरा रॉइस, क्लेल, व्हर्ला आणि मी. पायथ्याशी रॉइस बर्फात उभा राहिला आणि आम्ही एकेकानं त्याच्यासमोरून जाऊन गळ्यातल्या यंत्राची पिकपिक त्याला ऐकवली. बर्फाखाली गाडलं गेलं तर माणूस कुठं आहे ते त्या पिकपिकीवरूनच कळतं. मग पाइनच्या झाडांमधून दोन तास चढत डोंगराच्या वाटीसारख्या मोठ्या पोकळीत पोचलो. तिथं चढाच्या मध्यावर एक सपाट पायरी आहे, तिला सगळे फळी म्हणतात. आमची सगळ्यांची साधी मशीनं फळीपाशी पोचेतो धापा टाकतात, आणि तिथूनच वळून खाली यायचं असतं. गार्थ तीस वर्षं तिथूनच वळला. फळीच्या वर डोंगर कसा आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला डोंगर ठाऊक होता तो मशीनच्या दमापुरता.

रॉइसनं क्लेलला बजावलं, वेगाच्या खटक्यावर अंगठा अर्धाच दाब. क्लेलनं मान डोलावली आणि टर्बो घेऊन तो निघाला.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं जी माणसं साध्या मशीनवर वाढली, ती चढ दिसला की थ्रॉटलचा खटका तळाला लावतात आणि सोडतच नाहीत. वर ताकद उरतच नसते, मग राखून ठेवायची कशाला? तो अंगठा विचार करून दाबत नाहीत, तो आपोआप दाबला जातो. क्लेलचाही तसाच दाबला गेला. फक्त या वेळी खाली मशीन दुसरं होतं, आणि ते नुकतंच रुळलं होतं.

फळी आली तरी वेग कमी झाला नाही. आवाजही बसला नाही. पांढऱ्या उतारावर एक काळा ठिपका सरळ वर सरकत गेला, माथ्याच्या रेषेवर क्षणभर दिसला आणि पलीकडे नाहीसा झाला. मग आवाज थांबला.

रॉइसनं रेडिओवर हाका मारल्या. उत्तर नाही. त्याचा पाय मशीनवर गेला आणि पुन्हा खाली आला. वरचा माणूस नजरेस पडेपर्यंत दुसऱ्यानं चढावर जायचं नाही, हा आमचा नियम. दुसऱ्या मशीनच्या भारानं बर्फ सुटला तर दोघंही जातात. रॉइसनंच हे गावातल्या पोरांना शिकवलं आहे. तो उभाच राहिला.

मी व्हर्लाकडं वळले. ती आपल्या मशीनवर बसली होती. इंजिनाच्या धुराच्या नळीपाशी गरम राहतात म्हणून आम्ही तिथल्या डब्यात चांदीच्या कागदात गुंडाळलेले, एल्क हरणाचं मांस पोळीत भरून केलेले बरिटो ठेवतो. तिनं एक काढला, हातमोजा उतरवला आणि खाऊ लागली. सावकाश, नीट चावून.

“हाही गेला असेल,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. आज सोमवार असेल असं म्हणावं, तसं ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही आणि त्याच्याकडं पाहिलंही नाही.

मग रेडिओ खरखरला. क्लेल धापा टाकत होता. ठीक आहे म्हणाला, येतो म्हणाला. माथ्यावरून मशीन पलीकडं उडालं, तो खाली पडला, मनगटाला बांधलेली सुरक्षेची दोरी मशीनमधून सुटली तशी इंजिन बंद पडलं. पुढं खडकांचा तुटलेला कडा होता, आणि मशीन त्याच्या अलीकडं थांबलं होतं.

बऱ्याच वेळानं तो टर्बो घेऊन धारेवरून वळसा घालत खाली आला आणि बर्फात बसला.

“तुला वर जायला सांगितलं होतं,” रॉइस म्हणाला, “आयडाहोला नाही.”

क्लेल हसला नाही. तो व्हर्लाकडं बघून बोलला. “गार्थ बरोबर होता. वर हवा कमी आहे, हे तिला कळतच नाही. शेवटपर्यंत तशीच ओढते. दहा हजार फुटांवर जायचं असेल तर घेण्यासारखी आहे.” मग थांबून म्हणाला, “पण त्याच्या हातात पडली असती तर त्यानंही अंगठा सोडला नसता. मेला असता तो.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला उमगलं. रॉइस दुसरीकडं बघू लागला.

“तो असाही मेलाच,” व्हर्ला म्हणाली. “ठेवू की देऊ ते सांग.”

“माझ्यासारख्यानं ठेवू नये.”

“मी माझं विचारतेय.”

व्हर्ला उठली आणि टर्बोवर जाऊन बसली. सगळा जन्म ती गार्थच्या मागून, त्याच्या मशीनच्या चाकोरीतून चालत आली होती. पुढचा जितका जाईल तितकंच दाबायचं, एवढंच तिच्या अंगठ्याला ठाऊक. क्लेलनं दोरी तिच्या मनगटाला अडकवली. ती चढली ती अगदी हळू, एका सुरात. मध्येच थोडी डावीकडं गेली, पुन्हा सरळ झाली. फळीवर जाऊन थांबली. अजून किती तरी दम शिल्लक होता, हे आम्हाला खालूनही ऐकू येत होतं. वर माथ्याकडं तोंड करून ती थोडा वेळ बसली, आणि वळून खाली आली.

मी विचारलं, कसं वाटलं?

“काही वाटलं नाही.” मग हातमोजा चढवताना ती म्हणाली, “ओढून नेत नाही. मागितलं तेवढंच देते.”

परतीला टर्बो क्लेलच्या ट्रेलरवर बांधली आणि व्हर्ला ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसली. आमची गाडी त्याच्या मागं होती. महामार्गाला लागताना डावीकडं टर्बोचं दुकान, उजवीकडं आमची घरं. तिथं क्लेलचा ट्रक थांबला, आणि इशाऱ्याचा दिवा ना या बाजूचा लागला ना त्या. आमच्या मागं एक दुधाचा टँकर येऊन उभा राहिला, त्यानं हॉर्न वाजवला. आमच्या पुढच्या काचेतून मला क्लेलचं तोंड व्हर्लाकडं वळलेलं दिसत होतं. तो काहीतरी विचारत होता, आणि ती समोर बघत होती. मग तिनं हात उचलून उजवीकडं दाखवलं.