पालकाच्या रकान्यातली सुजाता

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा आमची कंपनीची बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली होती. डेंगीचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तिच्या नवऱ्याने, मिलिंदभावजींनी, "ताई, सुजाता गेली," एवढंच सांगून फोन ठेवला. माझ्या शेजारची तिची नेहमीची सीट रिकामीच होती... चाकणला न पोचताच मी उतरले आणि मिळेल त्या रिक्षाने पिंपरीला परत आले. रडले, खूप रडले. आज सात आठवडे झाले. आता रडू येत नाही, राग येतो. गेलेल्या माणसावर असं लिहू नये म्हणतात, पण मी गोडगोड लिहिलं असतं तर तिनेच मला झापलं असतं.

आम्ही दोघी डिप्लोमा करून एकाच महिन्यात चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागलो. बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसून गाड्यांचे सुटे भाग तपासले. तिचे वडील पिंपरीतले जुने कामगार, युनियनमध्ये हयात घालवलेले, त्यामुळे साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणायची सवय तिला घरूनच होती. "मी बघितलेलं नाही, मी सही करणार नाही," हे तिचं वाक्य अख्ख्या कारखान्याला पाठ. महिनाअखेर, दारात ट्रक उभा, मॅनेजर घामाघूम, आणि ही बाई शांतपणे एकेक भाग हातात घेऊन मोजतेय! मी चिडायचे, ती हसायची. डबा मात्र एकत्र. माझी भाजी खारट झाली की "आज घरी भांडण झालेलं दिसतंय" म्हणत तीच ती संपवायची. माझी सानिका तिच्या अंगाखांद्यावर वाढली. मला शिफ्टवरून यायला उशीर झाला की सानिका शाळेतून थेट मावशीकडे, हे आमच्यात ठरलेलंच होतं.

गेल्या वर्षी सानिका दहावीत होती. क्लासला निघायची वेळ झाली की तिच्या छातीत धडधडायचं, हात थरथरायचे. मी डॉक्टरांकडे नेलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग मी म्हणाले, "झालं ना? आता नाटकं बंद." हो, म्हणाले मी हे, लपवत नाही. त्याच दिवसांत बसमध्ये सुजाता मला दोन-तीनदा म्हणाली, "अगं, सानिकाशी जरा बस ना. काही विचारू नकोस, नुसतं ऐक." मी फटकन बोलले, "तूच लाडावून ठेवलंयस तिला." ती खिडकीबाहेर बघत बसली. एवढी तोंडाळ बाई गप्प का बसली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दोनेक आठवड्यांनी मिलिंदभावजी तिचा फोन घेऊन आमच्या घरी आले. "ताई, हिच्या फोनवर दर शनिवारी मेसेज येतोय. पाल्य म्हणे. आमचा पोरगा तर नोकरीला लागलाय, आता पाल्य कोण? नाव सानिकाचं दिसतंय." मी वाचलं. 'प्रिय पालक, या आठवड्यातही सानिका सत्राला आली नाही.' मागचे मेसेज बघत गेले... नऊ महिन्यांचे होते. 'आजचे सत्र पूर्ण झाले. तिला काही विचारू नका. ती बोलली तर ऐका.' माझी मुलगी किशोरवयीन मुलांसाठीच्या एका ऑनलाइन कार्यक्रमात जात होती. आज मन कसं आहे ते रोज लिहायचं आणि शनिवारी व्हिडिओवर समुपदेशक बाईंशी बोलायचं. अठराच्या आतल्या मुलांना त्यासाठी पालकाचा नंबर द्यावा लागतो. नोंदणीच्या पहिल्या मेसेजमध्ये तो नंबर सुजाताचा होता, आणि पुढे 'नाते' या रकान्यात लिहिलं होतं, आई.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. नऊ महिने ती रोज माझ्या शेजारी बसून चाकणला आली, माझ्या डब्यातलं खाल्लं आणि माझ्या लेकीची आई बनून राहिली! जिवंत असती तर भर कॅन्टीनमध्ये भांडले असते. ती आता समोर नाही, म्हणून मी सानिकावर तुटून पडले. "तिची हिंमत कशी झाली स्वतःला आई लिहायची?"

सानिका खाली मान घालून म्हणाली, "मावशीने नाही लिहिलं. तिथे 'इतर' पण होतं, ती तेच टाकत होती. 'आई' मी टाकलं." मग म्हणाली, "ती दर वेळी सांगायची, आईला सांगू या. मी म्हटलं, सांगितलंस तर मी बंद करीन सगळं."

त्यानंतर आम्ही मायलेकी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. मला राहून राहून एकच आठवत होतं. न बघितलेल्या वस्तूवर सुजाताने आयुष्यात सही केली नाही. म्हणजे सानिकाला तिने नीट बघितलं होतं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून मी मात्र फाइल बंद केली होती. हे कळतं, तरी राग जात नाही. एकदा, फक्त एकदा, लेकीची अट मोडून तू मला सांगायला हवं होतंस, सुजाता. मी तेव्हाही चिडले असते, पण माझ्याच घरात परकी झाले नसते.

गेल्या रविवारी सानिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भिंतीकडे बघत म्हणाली, "मला सत्रं परत सुरू करायचीत. मावशीचा नंबर बंद होईल आता. तुझा टाकू?" मी पदराला हात पुसले आणि नुसती मान हलवली. काही विचारलं नाही. नंबर बदलायला जुन्या नंबरवरून मंजुरी लागत होती, म्हणून भावजींना फोन लावला. सुजाताचा फोन ते अजून रोज चार्ज करतात. त्यांनी त्यावर आलेले आकडे वाचून दाखवले, सानिकाने भरले. मग ते अडखळले.

"ताई, नंबर बदलण्याआधी इथे हिच्या फोनवर एक विचारतायत... 'आपण सानिकाच्या आई आहात का?' खाली होय आणि नाही. काय दाबू?"

सानिका माझ्याकडे बघत होती.

"होय दाबा, भावजी," मी म्हटलं.