सात दिवस गोवा, स्वयंपाकघरासकट

गोव्याला जायचं ठरलं, कारण आठवडा वाया चालला होता. ज्यांनी हॉलिडे मेंबरशिप घेतली आहे त्यांना हे वाक्य लगेच कळेल. ज्यांनी घेतलेली नाही, त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि सावकाश पुढं वाचावं.

झालं असं. नव्वदच्या दशकात आमच्या ह्यांनी पेट्रोल पंपावर एक कूपन भरलं. हे म्हणजे माझे यजमान. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचं मोटर-पंपांचं दुकान आहे. थोड्या दिवसांनी फोन आला, अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय, घ्यायला जोडीनं या. गेलो. हॉटेलचा एसी हॉल, गार सरबत आणि टाय लावलेली पोरं. त्यातल्या एकानं ह्यांना विचारलं, "सर, मागच्या वर्षी फॅमिलीला घेऊन कुठं गेला होतात?" हे म्हणाले, "जोतिबाला गेलतो की." पोरानं अशी मान हलवली, जणू आमच्या घरात कुणी वारलंय. मग त्यानं तोंड उघडलं ते जेवणाची वेळ होईपर्यंत मिटलंच नाही. कितीतरी वर्षं, दरवर्षी एक आठवडा, देशात कुठंही, अगदी स्वतःच्या घरासारखं. "आणि मॅडमसाठी फुल्ली इक्विप्ड किचन!" ह्यांनी सही ठोकली. बक्षीस म्हणून डिनर सेट मिळाला, त्यातल्या दोन बश्या रिक्षातच फुटल्या.

त्यानंतर काय? मे महिना मागितला, फुल. दिवाळी मागितली, फुल. "मॅडम, ऑगस्टमध्ये हिल स्टेशन देतो ना." ऑगस्टमध्ये शाळा कुणाचा बाप बंद ठेवणार? वर्षाची देखभाल फी मात्र न चुकता, आणि दरवर्षी चढतीच. वापरलेला नसला तरी आठवडा संपतो, हेही तेव्हाच कळलं. असे किती आठवडे आम्ही घरी बसून संपवले ते विचारू नका, माझं डोकं फिरतं. शेवटी २००५ साली, आमची पल्लवी नववीत असताना, दिवाळीच्या सुट्टीच्या शेपटाला दक्षिण गोव्यातली खोली मिळाली.

मी सहकारी बँकेत कॅशियर. सकाळी उठून चहा, डबे, मग काउंटर, संध्याकाळी घरी येऊन परत भाकरी. त्यामुळं खरं सांगते, मला गोव्याचं फारसं कौतुक नव्हतं. मला आयतं खायचं होतं. सात दिवस दुसऱ्या कुणीतरी केलेलं, ताटात वाढून आलेलं, तिखट-मीठ कमी असलं तरी मुकाट्यानं खाईन असं आयतं. बाळंतपण सोडलं तर असा आठवडा मला लग्नानंतर मिळाला नव्हता.

पहाटे मारुती व्हॅननं निघालो. आम्ही दोघं, पल्लवी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मागं सामान ठेवायला गेले तर तिथं परात, लोखंडी तवा, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि कांदा-लसूण चटणीची बरणी.

"आत्याबाई, परात कशाला?"

"आसू दे की. तुज्या डोस्क्यावर घिऊन जायाची हाय काय?"

रस्त्याचं सांगते, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. निपाणीपर्यंत हायवे मक्खन. तिथून उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. पण नोव्हेंबरात उसाचा सीझन असतो हे लक्षात ठेवा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चाललेले, मागं दिवा नाही, आत गाणी फुल्ल. हॉर्न वाजवून ह्यांचा अंगठा दुखला, पण एकानं बाजू दिली असेल तर शपथ. आजऱ्यात चहा-भज्याला थांबलो. बिल किरकोळ आणि भजी गरम. शेजारच्या दुकानात आत्याबाईंनी घनसाळ तांदूळ जोखून घेतला. दुकानदार म्हणाला, "कुठं निघालासा पावणं?" हे म्हणाले, "गोव्याला." तो म्हणाला, "तांदूळ घिऊन?" आणि जोरात हसला. मी काही हसले नाही.

आंबोलीत छान गारवा होता. घाट उतरून सावंतवाडीत दुपारी एका खानावळीत जेवलो. बांगडा, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, भात, सोलकढी. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच त्यांना त्यांची मुलं किती, काय करतात, असं विचारत बसले. या वाटेनं गेलात तर सावंतवाडीतच जेवा. घाई करू नका.

रिसॉर्टवर पोचलो. गुलाबी रंगाचं काहीतरी प्यायला दिलं. माहितीपत्रकात खोलीच्या खिडकीत समुद्र होता. खिडकी उघडली तर जनरेटर. समुद्र कुठाय विचारलं तर रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, "टू किलोमीटर्स ओन्ली, मॅडम." तोवर आतून ह्यांची हाक आली.

"आगं, हिकडं ये! बघ तरी! फ्रिज हाय, मिक्सर हाय, कुकर हाय. चमचं सुदीक मोजून ठेवल्यात!"

एवढ्या आनंदानं ह्या माणसानं आमच्या घरचं स्वयंपाकघर कधी बघितलं नव्हतं.

पहिल्या रात्री रिसॉर्टच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो. चिकनची ग्रेव्ही गोडसर, रोटी चामट. हे एक घास खाऊन वेटरला म्हणाले, "भावा, ह्यात साखर पडलीया काय?" मग बिल आलं. ते बघून हे उठून उभेच राहिले. "एवढ्यात कोल्हापुरात सगळं घर जेवून वर पान खाऊन येतंय!" मलाही ते महाग वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मी म्हटलं, सुट्टी आहे, असू दे. खोलीत आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "पीठ हाय की आपल्याकडं." आणि हे म्हणाले, "व्हय की, किचन दिलंय ते कशासाठी? त्याचं पैसं भरतोय आपण."

संपलं. माझी सुट्टी तिथंच संपली.

दुसऱ्या दिवसापासून मी गोव्यात भाकरी थापायला लागले. शेगडी विजेची, लाल होणाऱ्या तारेची. तिच्यावर भाकरी भाजते, पण फुगत नाही. जाळ कुठला असणार? आत्याबाई मागं स्टूल टाकून बसलेल्या. "फुगंना झालीया बघ. पीठ नीट मळलं न्हाईस." फोडणी दिली की खोलीभर धूर, धूर झाला की रिसेप्शनवरून फोन, "मॅडम, नेक्स्ट रूमची कम्प्लेंट आहे." नाश्ता, जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण. मधल्या वेळात भांडी, कारण भांडी घासायचे पैसे वेगळे. हे आणि पल्लवी पोहण्याच्या तलावावर. तिथून ओले टॉवेल घेऊन येणार आणि विचारणार, "काय केलंयस आज?"

तिसऱ्या दिवशी सकाळी कोथिंबीर आणायला गेटबाहेरच्या दुकानात गेले आणि बघतच राहिले. सगळ्या रिसॉर्टातल्या बायका तिथं! डोक्यावर समुद्रावर घालायची मोठी हॅट, हातात कोबी. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "तुमच्या खोलीतला मिक्सर चालतो का हो? आमचा नुसताच ओरडतो." एक बंगळूरची बाई दही शोधत होती. सांगलीकडची एक माझ्याच वयाची होती, ती अंडी मोजून घेत म्हणाली, "आमी तर विकाय काढलीया मेंबरशिप. आमचं मालक समद्यास्नी सांगत्यात, फी वाढली म्हणून. मी काय बोलत न्हाय. कारण कुठलंबी असंना, जाऊ दे एकदाची."

मी तिचा हात धरला. ओळख ना पाळख, पण धरला.

त्याच दुपारी ह्यांच्या मोबाइलवर हुपरीच्या दाजींचा फोन. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, चांदीच्या पैंजणांचा धंदा. मडगावच्या एका सराफाला माल द्यायला सगळं कुटुंब घेऊन आले होते. ह्यांनी मला न विचारता सांगून टाकलं, "मग जेवायला हितंच या की! घरच हाय आपलं!" संध्याकाळी पाच माणसं दारात. पाठोपाठ रिसेप्शनवरचा मुलगा. "सर, फोर पर्सन्स ओन्ली." दाजी त्याला म्हणाले, "आरं बाबा, आमी काय परकं हाय व्हय? सख्खं मेव्हणं हाय मी!" शेवटी रात्री थांबायचं नाही या अटीवर आत सोडलं. मी त्या तारेच्या शेगडीवर नऊ माणसांचा तांबडा रस्सा केला. कुकर एवढासा, भात तीनदा लावला.

नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. उन्हानं नाक सोललेलं, केसांत वाळू. समुद्राकाठच्या साध्या लॉजवर उतरल्या होत्या.

"तुमचं बरं हाय वैनी," त्या म्हणाल्या. "आमच्या लॉजवर चा सुदीक मिळत न्हाय. उठलं की भाईर जावं लागतंय. दिसभर पाण्यात, भूक लागली की झोपडीत मासं खायाचं. लई हाल."

मी रस्सा ढवळत राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी मी हट्टानं समुद्रावर गेले. पाय भिजवले. सूर्य अजून वर होता, मला तो बुडेपर्यंत बसायचं होतं. हे घड्याळ बघत म्हणाले, "चल आता. आईला येळंवर खायाला लागतंय, गोळी असती तिची." मी उठले. येताना व्हॅनमध्ये मागं बसून रडले. पल्लवीनं विचारलं तर म्हटलं, डोळ्यात वाळू गेली.

घरी आल्यावर काही दिवसांनी ह्यांनीच मेंबरशिप विकायला काढली. कारण तेच, फी वाढली. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. फोन आले ते सगळे दलालांचे, आधी आमच्याकडूनच पैसे मागणारे. कंपनी म्हणाली, परत घेत नाही. विकताना तोंड फाटेस्तोवर बोलणारे लोक आता फोनवर गाणं लावून ठेवायचे. या पोस्टमधून एकच व्यवहाराची गोष्ट न्यायची असेल तर ही न्या, घ्यायला एक संध्याकाळ लागते, सुटायला वर्षं जातात.

एकदा मात्र गिऱ्हाईक अगदी घरी चालून आलं. गडहिंग्लजचे एक पाहुणे, ह्यांच्याकडून पंप घेणारे, बायकोला घेऊन आले. ती तिशीतली असेल, साधी, हसरी. मी चहा दिला. हे रंगात आले. खोल्या कशा, तलाव कसा. "आणि किचन तर असलं हाय म्हणता! समदी भांडी, फ्रिज, मिक्सर. भाईर खायाची गरजच न्हाय."

पाहुणे खूश. "म्हंजे आईचं पथ्यपाणी बी हुईल, पोरांचं खाणं बी हुईल. झकासच की! काय गं?"

"व्हय," ती म्हणाली. पण चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. ती माझ्याकडं वळली. "वैनी, तुमी सात दिवस काय काय बघितलासा तितं?"

हे माझ्याकडं बघत होते. पाहुणेही बघत होते. ह्यांनी सांगितलेला भाव पाहुण्यांना मान्य होता, आता फक्त व्हय म्हणायचं बाकी होतं. वर्षानुवर्षांची कटकट त्या एका शब्दानं आमच्या घरातून जाणार होती. चर्च बघितलं, बीच बघितला, असं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"ओटा बघितला," मी म्हणाले.

"आनि समुद्र?"

"एकदा. अर्धा तास."

तिनं कप खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आपल्याला नको."

ते दोघं निघून गेले. ह्यांनी दार लावलं ते जोरात. "मला सांग, तुला विकायची न्हवती व्हय मेंबरशिप?"

"विकायची होती," मी कप उचलत म्हणाले. "तिला विकायची नव्हती."