चाचांचा आंबा आणि चैतीबाई

आमच्या अहेरीच्या गल्लीत नाली एक, पण किस्से ढीगभर! नाली निदान उपसता तरी येते, किस्से साचतच राहतात. मी इथल्या अंगणवाडीत असते, म्हणजे सगळं आधी माझ्याच कानावर.

जंगलातल्या गावात जिवाची खात्री उरली नाही, म्हणून माडिया लोकांची काही घरं पळून इथे आली. गवंडी रहीमचाचांच्या भिंतीला टेकून त्यांनी झोपड्या टाकल्या. आधीच गल्लीत पाय ठेवायला जागा नाही! मी चिडून म्हटलं, "चाचा, हे कुठवर टेकून राहतीन?"

"टेकले तं टेकले, बेटी. भिंत पडून राह्यली का?"

*

त्यांच्यातली म्हातारी चैतीबाई. चाचा तिच्या झोपडीत सिमेंट टाकायला गेले, तर ती दारातच बसली!

"पक्कं झालं तं मी इथलीच झाली ना! मले घरी जायाचं हाय."

चाचांनी घमेलं उचललं. "बरं बाई. मंग दारापुढची नाली बांधतो. थे तं तुयी नाई, नगरपंचायतची हाय!"

*

नाली खणायला सगळी गल्ली उतरली. तेवढ्यात एक सायब पाहणीला आले. "यातले इथले कोण आणि बाहेरचे कोण?"

सगळे गुडघाभर चिखलात. चाचांची बायको सलमाबी म्हणाली, "थांबा सायब, आंघोळ झाल्यावर सांगतो!"

*

माडिया लोकांची रीत अशी, की गावच्या देवाला दिल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. चैतीबाई म्हणे, "देव तिथीच राह्यला. पूजा कोणापुढं करू?" चाचांचं झाड लदलेलं, आणि लेकरं खाली नुसती वर बघत बसलेली. मला तर रडूच यायचं.

त्या वर्षी आंबे पिकून पडायला लागले, तरी चाचांच्या घरातही कोणी चाखेना. चैतीबाईनं विचारलं, "तुमाले कोनता देव अडवून राह्यला, भाऊ?"

"देव नाई अडवत, बाई. शेजारचे लेकरं उपाशी हायेत. घास उतरत नाई."

चैतीबाई तशीच उठून घरी गेली. सकाळी आली, झाडाखालची जागा सारवली, पहिला आंबा ठेवला आणि डोळे मिटून माडियात कितीतरी वेळ बोलत राहिली. मग उठून लेकरांच्या हातात आंबे दिले. चाचांनाही दिला.

मी हळूच विचारलं, "एवढं काय सांगितलं व बाई देवाले?"

"पत्ता देल्ला. म्हटलं, अहेरीले ये, मशिदीच्या मागं, चाचाच्या आंब्याखाली. आमी इथीच रायतो."